मानेतला पाट

फराळाला बसल्यावर आजारपणाच्या गोष्टी काढू नयेत, असे आमच्या सौ.चे म्हणणे. पण यंदा मामांपुढे चकल्यांची बशी सरकवताना मागल्या दिवाळीची आठवण झाली आणि लिहिल्यावाचून राहवले नाही.

मामा निफाडकडचे, द्राक्षबागाईतदार. मागल्या दिवाळीला नाशकास आमच्याकडे आले असताना त्यांच्या उजव्या हातातून कपबशी गळून पडली. बोलायला गेले तो जीभ जड. दहा मिनिटांत सारे पूर्ववत झाले. मामा म्हणाले, "प्रवासाचा शीण रे!" मीही मान डोलावली. सौ.ने मात्र आम्हा दोघांचेही न ऐकता रिक्षा बोलावली.

तपासणीत निघाले ते असे. मानेच्या डाव्या बाजूने मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी आतून चरबीच्या थराने बरीचशी बुजली होती. तिथला एखादा कण सुटून मेंदूत गेला असावा. तो विरघळला म्हणून दहा मिनिटांवर निभावले. पुढचा विरघळेलच असे नाही. रोहिणी उघडून साफ करणे भाग होते.

मी विचारले, "पण डॉक्टरसाहेब, तेवढा वेळ मेंदूला रक्त कुठून मिळणार?" रक्तावाचून मेंदू चार-पाच मिनिटेच तग धरतो, एवढे मला ठाऊक होते.

डॉक्टर मामांकडे वळले. "काका, पाटाची दुरुस्ती निघाली की पिकाला पाणी कसे देता?"

"बाजूने चर काढून."

"आम्हीही तेच करतो." त्यांनी एक मऊ नळी दाखवली. वीतभर लांब, करंगळीहून बारीक. तिला शंट म्हणतात. एक टोक अडथळ्याच्या खाली रोहिणीत बसवायचे, दुसरे वर. रक्त नळीतून वाहत राहते आणि शस्त्रवैद्य भोवतालचा थर काढतो. शेवटचे टाके घालण्याआधी नळी काढून घेतात. 1954 साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अशी रोहिणी दुरुस्त केली तेव्हा बर्फाने रोग्याचे अंग थंड करून मेंदूची रक्ताची गरज कमी केली होती. 1956 साली अमेरिकेत डेंटन कूली यांनी नळीची वाट धरली.

पण नळी सर्वांनाच लागत नाही. मेंदूच्या तळाशी चार रोहिण्यांचे कडे असते. पुष्कळांना उरलेल्या तीन पुरतात. शिवाय नळी घालतानाही एखादा कण सुटू शकतो. म्हणून आधी परीक्षा. मामांना भूल दिली ती मानेपुरतीच, आणि उजव्या हातात दिले एक दाबले की वाजणारे रबरी बदक! रोहिणीला चिमटा लावून डॉक्टर म्हणत, "काका, वाजवा." दोनदा वाजले. तिसऱ्यांदा वाजेना. लगेच नळी बसवली, आणि थोड्याच वेळात बदक पुन्हा बोलू लागले.

बाहेर बाकावर बसलेल्या मला हे मागाहून कळले. मामांना विचारले, तर म्हणाले, "मी दाबत होतो रे, हातच ऐकेना." ते वाक्य आठवले की अजून अंगावर काटा येतो.

तेव्हा वाचकहो, हातातून वस्तू गळली, जीभ अडखळली आणि घटकाभरात बरे वाटले, तरी शीण म्हणून सोडून देऊ नका. त्याच घटकेला डॉक्टर गाठा. आमच्या घरी हे शहाणपण एकटीलाच सुचले, आणि यंदा ती मामांच्या हाती पुन्हा भरलेली कपबशी देते आहे.