चित्रात आई उभी का आहे?



पोस्ट लांब आहे. मुलं झोपल्यावर वाचा, नाहीतर सकाळी ट्रेनमध्ये.

मुद्दा आधीच सांगून टाकते. आपल्या मुलांच्या हातात रंगीत पेन्सिली द्या, जेवणाच्या पंगतीचं एखादं जुनं, नावाजलेलं चित्र समोर ठेवा आणि त्यावरून आपल्या घरचं जेवण काढायला सांगा. क्लास नको, स्पर्धा नको, सर्टिफिकेट नको. आणि जे चित्र येईल ते दुरुस्त करायला जाऊ नका. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. मला ते जमलं नव्हतं, म्हणूनच लिहायला बसले.

मागच्या मार्चची गोष्ट. मी सीए. इथे ३१ मार्चला आमचं काय होतं ते या धंद्यातल्यांना सांगायला नको. नवं वर्ष संपत असतं आणि त्याच दिवशी आधीच्या वर्षाची एजंटमार्फत जाणारी रिटर्न्स भरायची शेवटची तारीख असते. त्या आठवड्यात मुलीला गुंतवून ठेवायला मी लिओनार्दोचं ‘लास्ट सपर’ प्रिंट करून दिलं आणि म्हटलं, “हे टेबल घे आणि त्यावर आपलं घर बसव.” ती दहा वर्षांची आहे.

दोन दिवसांनी चित्र आलं. लांब टेबल, पांढरा कपडा, मागे तीन खिडक्या. टेबलावर माणसं, पण प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक घड्याळ. दादाच्या डोक्यावर साडेपाच, कारण त्याला फुटबॉलला जायचं असतं. तिच्या स्वतःच्या डोक्यावर साडेसहा. बाबाच्या डोक्यावर नऊ, शिफ्ट संपल्यावर. आजी टेबलावर फोनच्या चौकटीत, तिच्या डोक्यावर भारतातली वेळ. आणि मी? मी टेबलाला नव्हतेच. उजव्या कोपऱ्यात किचनच्या बेंचपाशी उभी, एका हातात पोळीची गुंडाळी, समोर लॅपटॉप. माझ्या डोक्यावरच्या घड्याळाला काटे नव्हते.

मी काय म्हणाले असेन? “छान आहे गं, पण दुसरं काढ ना, सगळे एकत्र बसलेले. आजीला पाठवू.”

ती म्हणाली, “पण आई, मग ते खोटं होईल.”

वर्षभर मी लोकांच्या हिशेबांत हेच बघते. आकडे कंपनीची खरी स्थिती दाखवतात का, ‘ट्रू अँड फेअर’ आहेत का. आणि घरात मी स्वतःच ताळेबंद गोड करून मागत होते.

त्या दिवसापासून मी अशी चित्रं वेगळ्या नजरेने बघायला लागले. काय काय सापडलं ते सांगते, म्हणजे तुम्हाला मुलांशी बोलता येईल.

‘लास्ट सपर’ लिओनार्दोने साधारण १४९५ ते १४९८ या काळात मिलानमधल्या एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर काढलं. म्हणजे खाली साधू जेवायला बसणार आणि वर भिंतीवर तेच चालू असणार. तेरा माणसं आणि सगळी टेबलाच्या एकाच बाजूला. माझ्या मुलाला हे फार विचित्र वाटलं, “समोर कोणीच कसं नाही?” मी म्हटलं, अरे, आपली पंगत अशीच असते! ओळीने बसायचं, समोरची बाजू वाढप्यासाठी मोकळी. त्याने भारतात दोन लग्नं पाहिलीत, दोन्हीकडे बुफे होता. पंगत म्हणजे काय ते त्याला एका इटालियन भिंतीवरून कळलं. हसू नका, तुमच्याकडेही हेच असणार.

ब्रूगेलचं ‘शेतकऱ्यांचं लग्न’ दाखवा. १५६७ च्या आसपासचं आहे, आता व्हिएन्नात असतं. धान्याच्या कोठारात लग्नाचं जेवण चाललंय. दोन माणसं बिजागरीतून काढलेल्या दारावर थाळ्या ठेवून वाहून आणतायत. मोठी टोपी घातलेलं एक पोर खाली बसून बोटं चाटतंय. वाजवणाऱ्यांपैकी एक जण वाजवायचं सोडून जेवणाकडे बघतोय. नवरी हात जोडून बसलीय, काही खात नाहीये. दार वाहणाऱ्यांपैकी एकाला तीन पाय आहेत की काय असं वाटतं, ते मुलांना शोधू द्या. कोकणातलं किंवा देशावरचं लग्न ज्यांनी पाहिलंय त्यांना यातला प्रत्येक माणूस ओळखीचा वाटेल.

व्हॅन गॉगचं १८८५ सालचं ‘बटाटे खाणारे’. एक दिवा, पाच माणसं, एका थाळीत वाफाळते बटाटे. त्याला दाखवायचं होतं की ज्या हातांनी ही माणसं खातायत त्याच हातांनी त्यांनी जमीन खणली आहे. म्हणून हात हाडकुळे, खरखरीत, मातकट. हे चित्र बघून माझ्या मुलाने बाबाचे हात पहिल्यांदा नीट बघितले.

आणि माझं लाडकं, व्हेलाझ्केझचं. साधारण १६१७-१८ चं, आता डब्लिनमध्ये आहे. स्वयंपाकघरात एक मोलकरीण ओट्याशी वाकून उभी आहे. बरीच वर्षं लोक ते मोलकरणीचंच चित्र समजत होते. १९३३ साली चित्र साफ केलं तेव्हा मागच्या कोपऱ्यात एक खिडकी निघाली आणि तिच्यातून येशू जेवायला बसलेला दिसला. बरेच चित्रकार जेवणारे पुढे घेतात. या पोराने, विशीही पार न केलेल्या, राबणारी पुढे घेतली आणि देवाला मागे बसवलं.

माझ्या लेकीने हे चित्र तेव्हा बघितलेलंही नव्हतं. तरी तिने मला कोपऱ्यात उभं केलं, तेच.

आपल्याकडे “तुम्ही बसा, मी गरम गरम वाढते” हे प्रेमाचं वाक्य आहे, मला मान्य आहे. माझी आई आयुष्यभर ते म्हणाली आणि शेवटी एकटी बसून गार भात जेवली. मी सीए झाले, देश बदलला, पण बेंचपाशी उभीच राहिले. फरक एवढाच, तिच्या हातात पळी होती, माझ्या हातात माऊस.

आता काही जण म्हणतील, ही सगळी चर्चमधली चित्रं, वाइन, मांस, आपल्या मुलांना कशाला? मग गोपाळकाला घ्या! भागवताच्या दहाव्या स्कंधात, तेराव्या अध्यायात हे वनभोजन आहे. कृष्ण मधोमध आणि सवंगडी भोवती कड्यांनी, कमळाच्या पाकळ्यांसारखे. कोणी पानावर, कोणी फुलावर, कोणी दगडावर शिदोरी मांडलेली आणि एकमेकांची चव घेत, हसत खाणं चाललेलं. पहाडी लघुचित्रांत हा प्रसंग सुरेख रंगवलेला आहे. वारकऱ्यांचा काला तो हाच. मुलांना दोन्ही चित्रं शेजारी ठेवून विचारा: एक ओळ, एक वर्तुळ, कुठे बसायला आवडेल?

पण एक विनंती, ‘आमची पंगत किती थोर’ एवढ्यावर थांबू नका. आपल्या पंगतीत कोण शेजारी बसू शकत होतं आणि कोण अंगणाबाहेर थांबत होतं, हेही मुलांना सांगा. पितरांसाठी रांधलेलं अन्न एकनाथांनी अस्पृश्य मानलेल्यांना वाढलं, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. ती गोष्ट झाली, कारण एरवी तसं होत नव्हतं. समतानंद गद्र्यांना झुणका-भाकर सत्यनारायण घालून लोकांना एकत्र जेवायला बसवावं लागलं, ते काही शतकांपूर्वी नाही, आपल्या आजी-आजोबांच्या काळात. पंगतीचं चित्र काढायचं तर ‘कोण नाहीये?’ हा प्रश्न त्यात आलाच पाहिजे.

आणि आपण राहतो तिथेही बघा. हेन्डरसनमध्ये आपण पहिले परदेशी नाही. लेबनॉनहून आलेल्या असीद अब्राहम कॉर्बन यांनी १९०२ साली इथे द्राक्षमळा लावला. त्याच जागेत आज कॉर्बन इस्टेट आर्ट्स सेंटर आहे. त्या घरातही पहिल्या पिढीचं जेवण वेगळ्याच वासाचं असणार. ग्लेन ईडनजवळचं होआनी वाइतीती मराए १९८० पासून आहे. मराएवर स्वागत झालं की जेवणाशिवाय ते पुरं होत नाही. फारेकाईत, म्हणजे जेवणघरात, राबणाऱ्यांना माओरीत रिंगावेरा म्हणतात. शब्दशः अर्थ ‘गरम हात’. जेवण झाल्यावर पाहुणे त्यांना बाहेर बोलावून आभार मानतात, त्यांच्यासाठी गातात. लेकीला हे शाळेतून कळलं आणि घरी येऊन ती म्हणाली, “आई, तू रिंगावेरा आहेस, पण आम्ही गात नाही.”

आता कामाचं बोलू. आपल्यापैकी अनेकांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली आहे. त्यातलं स्मरणचित्र आठवतंय? समोर काही नाही, आठवून काढायचं. इथे तेच करायचं आहे, फक्त रचना जुन्या चित्रकाराची उसनी घ्यायची.

घरी जे उपयोगी पडलं ते:

कागद प्रिंटरचा नको. थोडा जाड, किंचित खरखरीत कार्ट्रिज पेपर घ्या. गुळगुळीत कागदावर रंगाचे थर बसत नाहीत.

पेन्सिल दाबायची नाही. हलका हात, तीन-चार थर, फिक्याकडून गडदकडे. सुरुवातीलाच दाबलं की कागदाचा खरखरीतपणा मरतो, मग वरून दुसरा रंग चढत नाही.

पांढरी पेन्सिल गडद रंग झाकत नाही. भात पांढरा हवा तर कागदच कोरा सोडायचा आणि शितांच्या सावलीला अगदी फिका निळा किंवा पिवळा लावायचा.

स्टीलच्या ताटाला राखाडी रंग फासू नका. गडद पट्ट्याला लागूनच कोरा पांढरा पट्टा ठेवला की ताट चकाकतं. ताटात वरणाचा पिवळा आणि चटणीचा हिरवा थोडासा उतरलेला दिसतो, तोही द्या.

सावलीला काळा टाळा. गडद तपकिरी आणि निळा एकावर एक. व्हॅन गॉगच्या त्या अंधाऱ्या खोलीलाही हे चालतं.

चित्रं बघायला पैसे लागत नाहीत. हेन्डरसनच्या वायटाकरे सेंट्रल लायब्ररीत चित्रकलेची पुस्तकं आहेत. मोठ्या संग्रहालयांच्या वेबसाइटवर चित्रं इतकी मोठी करून बघता येतात की ब्रूगेलच्या पोराचं बोट दिसतं.

“आमच्याला चित्रकला येत नाही हो,” असं म्हणू नका. टेबलाऐवजी चौकोन, माणसाऐवजी गोल चालतो. कोण कुठे बसलंय हे महत्त्वाचं. “एवढा वेळ कुठेय?” हे मात्र मला कोणी ऐकवू नका. माझ्या कॅलेंडरवर १५ जानेवारी आणि ७ मे या जीएसटीच्या तारखा लाल रंगात आहेत. रविवारी दुपारी तासभर निघतो. आणि मुलं काढत असताना आपणही शेजारी बसून एक पेन्सिल उचलायची. गप्पा तेव्हाच होतात, समोरासमोर बसवून विचारलं तर “फाइन” एवढंच उत्तर येतं.

आमच्या मंडळाच्या ग्रुपवर चित्रकला स्पर्धेचा विषय निघाला की मी म्हणते, हा विषय त्यात घालू नका. बक्षीस ठेवलं की पुढच्या वर्षी पंचवीस चित्रांत पंचवीस हसरी कुटुंबं पुरणपोळी खाताना दिसतील. कुठल्याही घरात घड्याळ नसेल. कोणी एकटं जेवत नसेल. आणि आपल्याला आपल्या मुलांबद्दल काही कळणार नाही. पोर शाळेत डबा कुठे बसून खातं, कोणाबरोबर खातं, हे मला माझ्या मुलाच्या दुसऱ्या चित्रात दिसलं. विचारून दोन वर्षं कळलं नव्हतं. ते काय होतं ते इथे लिहीत नाही, ते त्याचं आहे.

आमच्या घरात काय बदललं, तर फार नाही. बाबाची शिफ्ट तीच आहे, फुटबॉल आहे, मार्च दरवर्षी येणार. पण रविवारी दुपारी एक वाजता चौघं बसतो. फोन टेबलावर एकच, आजीचा, तिची तेव्हा सकाळ असते आणि हातात चहा. पोळ्या आधी करून डब्यात ठेवलेल्या असतात. गरम नसतात. कोणी तक्रार केलेली नाही.

ते घड्याळांचं चित्र मी शेवटी आजीला पाठवलं, जसंच्या तसं. सासूबाईंनी बराच वेळ बघितलं असावं. मग व्हॉइस मेसेज आला: “तिला म्हणावं, पुढच्या चित्रात आईला खुर्ची दे.”

लेकीने नवं चित्र अजून काढलेलं नाही. म्हणाली, “थोडे रविवार अजून होऊ देत. मग खरं होईल.”

तुमच्या घरी कोणी काढलं तर कळवा. चित्र इथे टाकलंच पाहिजे असं नाही. फक्त एवढं सांगा, त्यात कोण उभं होतं.