तेवीस मार्च : हारांचा दिवस की हिशेबाचा?

वृत्तपत्रांतील 'दिनविशेष' या सदराइतके निरुपद्रवी भासणारे सदर दुसरे नसेल. अमक्याचा जन्म, तमक्याचे निधन, कोठे तहावर सह्या, कोठे संघटनेची स्थापना. सारे एकाखाली एक आणि एकाच टंकात. २३ मार्चच्या सदरात ही पंक्तिसमता विशेष डोळ्यांत खुपते. १९१० साली या तारखेला तत्कालीन फैजाबाद जिल्ह्यातील अकबरपूर येथे राममनोहर लोहियांचा जन्म झाला. १९१९ साली मिलान शहरात मुसोलिनीने आपल्या फॅसिस्ट संघटनेचा पाया घातला. १९३१ साली लाहोरच्या मध्यवर्ती कारागृहात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव फासावर गेले. १९३३ साली बर्लिनमध्ये जर्मन संसदेने आपले सर्व अधिकार हिटलरच्या हवाली केले. १९४० साली पुन्हा लाहोरातच मुस्लिम लीगच्या अधिवेशनापुढे फाळणीचे बीज असलेला ठराव मांडला गेला. आणि १९८८ साली भगतसिंगांना आपला मानणारे पंजाबी कवी पाश यांना खलिस्तानी अतिरेक्यांनी याच दिवशी गोळ्या घातल्या.

या यादीत फाशी देणारे आणि फाशी जाणारे शेजारी शेजारी बसतात. पंचांगाला नीतिअनीती नसते, हे खरे. परंतु पंचांग हाती धरणाऱ्या माणसाला ती असावी लागते. ती नसली की दोन विकार उद्भवतात. एक, योगायोगाला नियतीचा संकेत मानून भाविकपणे हात जोडणे. दुसरा, तारीख आली की प्रतिमेला हार घालून तिच्यामागील प्रश्नाची वर्षभरासाठी रजा मंजूर करणे. पहिला विकार भोळ्यांचा आहे, दुसरा राज्यकर्त्यांचा. खेदाची गोष्ट अशी की समाजवादी चळवळीला आज दोन्ही जडले आहेत.

नियतीचा मुद्दा प्रथम निकालात काढला पाहिजे. लाहोर खटल्यातील तिघांना फाशी द्यावयाची तारीख २३ मार्च नव्हतीच. शिक्षेची अंमलबजावणी २४ मार्चच्या सकाळी व्हावयाची होती. जनक्षोभाच्या भीतीने सरकारने ती अलीकडे ओढली आणि तुरुंगाचा रिवाज मोडून २३ च्या संध्याकाळीच तिघांना फासावर चढविले. रातोरात मृतदेह बाहेर काढून फिरोजपूरजवळ सतलजच्या काठी त्यांचे गुपचूप दहन करण्यात आले. भगतसिंग आणि सुखदेव तेवीस वर्षांचे होते, राजगुरू बावीसचे. जी तारीख आज पवित्र मानली जाते, ती साम्राज्याच्या भयाने ठरविली होती. तेव्हा या दिवसाचे खरे स्मरण करावयाचे तर पहिला प्रश्न हा की, एवढे बलाढ्य सरकार या तीन तरुणांना कशासाठी भ्याले?

या प्रश्नाचे उत्तर भित्तिपत्रकांवर सापडत नाही. तेथे वाकडी टोपी असते, पिस्तूल असते, आणि त्यांच्या शेजारी ज्या पुढाऱ्याची छबी हुतात्म्यांपेक्षा मोठी छापली आहे तो पुढारी असतो. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती विधिमंडळात बॉम्ब टाकले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्या दिवशी सभागृहापुढे काय होते, हे मात्र सभासंमेलनांतून कोणी सांगत नाही. त्या दिवशी सभागृहापुढे औद्योगिक कलह विधेयक होते आणि सार्वजनिक सुरक्षा विधेयक होते. पहिले संपावर घाला घालणारे, दुसरे चळवळीवर. १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप लढविला होता; त्या संपाचा धसका सरकारने आणि गिरणीमालकांनी घेतला होता. बॉम्ब पडण्यापूर्वी तीनच आठवडे आधी, २० मार्च १९२९ रोजी, डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर आदी कामगार पुढाऱ्यांना मीरत खटल्यासाठी पकडण्यात आले होते. सभागृहात फेकलेल्या पत्रकात या दोन्ही विधेयकांचा आणि या अटकसत्राचा स्पष्ट निषेध होता. लाहोरच्या फाशीचा दोर परळ-लालबागच्या गिरण्यांपर्यंत असा पोहोचतो. खेडच्या राजगुरूंच्या नावाने महाराष्ट्राने गावाचे राजगुरुनगर केले, ते योग्यच झाले. पण राजगुरू ज्या संघटनेत होते तिने १९२८ साली आपल्या नावात 'समाजवादी' हा शब्द जाणीवपूर्वक घातला होता, हे सांगण्याचे धैर्य सरकारी सोहळ्यात कोण दाखवील?

१९२९ च्या त्या कायद्याने सहानुभूतीचे आणि सरकारवर दडपण आणणारे सार्वत्रिक संप बेकायदा ठरविले, आणि रेल्वे, टपाल, पाणी, वीज अशा लोकोपयोगी सेवांत चौदा दिवसांच्या सूचनेवाचून संप करणे हा गुन्हा ठरविला. स्वतंत्र भारताच्या संसदेने २०२० साली औद्योगिक संबंध संहिता संमत केली. तिने पूर्वसूचनेचे हे बंधन केवळ लोकोपयोगी सेवांपुरते न ठेवता सर्व औद्योगिक आस्थापनांवर लादले. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेणे हाही संपच मानला. आणि कामगारकपातीसाठी सरकारी परवानगी घेण्याची अट शंभर कामगारांच्या कारखान्यावरून तीनशे कामगारांच्या कारखान्यावर नेऊन ठेवली. विदेशी सरकारने जेथवर हात घातला नव्हता तेथवर देशी सरकारने तो घातला, आणि त्याच सरकारचे मंत्री २३ मार्चला भगतसिंगांच्या पुतळ्यापुढे नतमस्तक होतात. बहिऱ्यांना ऐकू जावे म्हणून बॉम्ब टाकणाऱ्याचा गौरव बहिरेच करू लागले आहेत.

याच तारखेची दुसरी शिकवण कायद्याविषयी आहे. सार्वजनिक सुरक्षा विधेयक सभागृहात अडले तेव्हा व्हाइसरॉयने ते वटहुकमाने आणले. लाहोर खटला रीतसर चालेना तेव्हा १९३० साली वटहुकमानेच खास न्यायाधिकरण नेमले, आणि आरोपींच्या गैरहजेरीत खटला चालवून त्यांना फाशी सुनावली. बर्लिनमध्ये २३ मार्च १९३३ रोजी जे घडले तेही वरकरणी कायदेशीरच होते. संसदेवाचून कायदे करण्याचा अधिकार मंत्रिमंडळाला देणारे विधेयक ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाले. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात वा परागंदा होते. मध्यममार्गी पक्षांनी आश्वासनांवर विसंबून होकार दिला. सभागृहात वादळी पथकाचे गणवेशधारी उभे होते. विरोधाची ती ९४ मते सर्वच्या सर्व समाजवादी लोकशाही पक्षाची होती, आणि त्या गर्दीसमोर उभे राहून ओटो वेल्स यांनी विरोधाचे भाषण केले. तीन महिन्यांत त्या पक्षावर बंदी आली. ज्या विद्यार्थ्याने बर्लिनमध्ये राहून हिटलरचा उदय पाहिला आणि त्याच वर्षी पदवी घेऊन जो मायदेशी परतला, त्या लोहियांची लोकशाहीविषयीची जागरूकता पुस्तकी नव्हती.

भारत म्हणजे १९३३ ची जर्मनी नव्हे. १९७५ मध्ये लादलेली आणीबाणी १९७७ मध्ये मतदाराने उलथून टाकली, हे या देशाचे भाग्य नसून कर्तृत्व आहे. परंतु विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी, १९५० साली आला. १९७१ मध्ये मिसा आला, आणि आणीबाणीत मधु लिमये, मधु दंडवते, मृणाल गोरे यांच्यासारखे हजारो लोक गजाआड गेले. मिसा गेला, १९६७ चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा राहिला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात जामीन दुरापास्त झाला आणि २०१९ च्या दुरुस्तीने व्यक्तीलाही खटल्यावाचून दहशतवादी घोषित करण्याची सोय झाली. भारतीय तुरुंगांतील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कैदी अद्याप दोषी ठरलेले नाहीत. आणि येथे दुसऱ्याकडे बोट दाखवून भागणार नाही. आणीबाणीत बेड्या घातलेले जॉर्ज फर्नांडिस २००२ मध्ये पोटा संमत करून घेणाऱ्या मंत्रिमंडळात संरक्षणमंत्री होते. स्वतः सोसलेल्या जुलमाचेही विस्मरण होते. प्रतिमेला हार घालण्याने ते टळत नाही.

तारखेवर मालकी सांगणाऱ्यांनी लाहोरकडे आणखी एकदा पाहावे. १९४० चा ठराव मांडणारे फजलुल हक बंगाली होते. ठरावात 'पाकिस्तान' हा शब्दही नव्हता. पुढे २३ मार्च हा पाकिस्तानचा राष्ट्रीय दिन झाला आणि १९५६ साली याच दिवशी ते राष्ट्र इस्लामी प्रजासत्ताक बनले. पंधरा वर्षांनी, २३ मार्च १९७१ रोजी, ढाक्यात त्याच दिनी पाकिस्तानच्या ध्वजाऐवजी बांगलादेशचा ध्वज फडकला. हुतात्म्यांच्या दहनाची हुसैनीवालाची भूमी फाळणीत पाकिस्तानात गेली आणि १९६१ साली गावांच्या अदलाबदलीत भारताकडे आली. धर्माच्या नावाने उभारलेल्या राष्ट्राला आपलाच दिन आपल्याच अर्ध्या प्रजेपासून वाचविता आला नाही, याचा विचार सीमेच्या अलीकडे धर्माचे राष्ट्र मागणाऱ्यांनी अवश्य करावा.

आता लोहियांच्या अनुयायांविषयी. आपला जन्मदिवस साजरा करू नये, तो हुतात्म्यांचा दिवस आहे, असे लोहिया सहकाऱ्यांना बजावीत. १९४४ साली पकडल्यावर ज्या लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला, ते त्याच हुतात्म्यांचे शहर होते. तेव्हा हा संकोच केवळ विनयाचा नव्हता. दोन घटनांपैकी कोणती मोठी याचा तो निवाडा होता. आज त्यांच्या नावाने शपथ घेणाऱ्या पक्षांत जयंती थाटाने होते, फलक लागतात, आणि फलकावर बाप, बेटा व पुतण्या असा क्रम असतो. घराणेशाहीवर आयुष्यभर आसूड ओढणाऱ्याच्या नावाने घराण्यांच्या जहागिऱ्या चालतात. १९६३ साली लोकसभेत कोट्यवधी भारतीय दिवसाला तीन आणे खर्चावर जगतात, असा हिशेब मांडून लोहियांनी सरकारला पंधरा आण्यांचे उत्तर द्यावयास लावले. त्यांच्या जयंतीच्या सभेत गेल्या कित्येक वर्षांत असा एक तरी हिशेब मांडला गेला काय?

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळण्याजोगा नाही. लोक आकडे ऐकावयास जमत नाहीत, उत्सवाला जमतात. टिळकांनी गणेशोत्सव आणि शिवजयंती यांतूनच राजकारण उभे केले, मग समाजवाद्यांनी सोवळे का पाळावे? उत्तर सोपे आहे. टिळकांच्या काळी राजकीय सभेवर सरकारची वक्रदृष्टी होती, म्हणून उत्सवाच्या मांडवात जे अन्यत्र बोलता येत नव्हते ते बोलले जाई. आज मांडव सरकारच घालून देते, आणि मांडवाबाहेर जे बोलता आले असते तेही आत बोलले जात नाही. मांडवाला विरोध नाही. त्यात काय बोलले जाते हा प्रश्न आहे.

म्हणून येत्या २३ मार्चला पक्षशाखांनी हारांचा खर्च वाचवावा. कामगार वस्तीत १९२९ चा कायदा आणि २०२० ची संहिता शेजारी ठेवून मराठीत मोठ्याने वाचावी. जिल्ह्याच्या तुरुंगात किती कच्चे कैदी किती वर्षे खितपत आहेत, हे माहितीच्या अधिकारात मागवून चव्हाट्यावर मांडावे. तालुक्यातील शेतमजुराचे कुटुंब दिवसाला किती रुपयांवर जगते याचा हिशेब फळ्यावर लिहावा आणि आमदार-खासदारांना त्यापुढे उभे करून उत्तर मागावे. भगतसिंगांना अभिवादन करावयाचे असो की लोहियांना, या कामाहून वेगळा विधी लागत नाही. एका तारखेवर जन्म, फाशी आणि फॅसिझम एकत्र येणे हा योगायोग आहे. त्यांपैकी कोणाचा वारसा चालवावयाचा ही निवड आहे, आणि ती दरवर्षी चोवीस मार्चच्या सकाळी उघडकीस येते.