अस्वल : वैरी की शेजारी?

बीड जिल्ह्यातील सिरसाळ्यासारख्या गावी एखाद्या वृद्धास विचारा, “आपण अस्वल कोठे पाहिले?” बहुधा उत्तर येईल, “दरवेशाजवळ!” नाकात वेसण घातलेले ते मुके जनावर डमरूच्या तालावर नाचे. मुलांची भीती जावी म्हणून आया त्याचा केस ताइतात घालून मुलांच्या गळ्यात बांधीत. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला व हे खेळ हळूहळू बंद पडले. खेळ गेला, भीती मात्र राहिली. अस्वल माणसाला गुदगुल्या करून मारते, असे आजही सांगतात. हे खरे नव्हे.

मग खरे काय? ते अस्वलाच्या शेजारी राहणाऱ्यांना विचारावे. बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य, मेळघाट, चंद्रपूर व गडचिरोली येथील रानांत अस्वले आहेत. उन्हाळ्याच्या आरंभी तेथे पहाटे मोहाची फुले गळतात. ती वेचून अनेक गरीब कुटुंबे चार पैसे मिळवितात. अस्वलालाही ती फुले फार प्रिय. अशा वेळी एकाच झाडाखाली, अंधुक प्रकाशात, दोघांची गाठ पडते. अस्वलाचे नाक तीक्ष्ण, पण नजर अधू. वाळवी किंवा फुले खाण्यात ते गुंग असले, म्हणजे माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही. मग ते घाबरते आणि पंजा उगारते. पाठीवर पिले असलेली अस्वलीण तर अधिकच बिथरते.

त्या पंजाची जखम भयंकर असते. ज्याचा चेहरा फाटला, त्याला दयेचा उपदेश करणे शोभत नाही. त्याला उपचार मिळाले पाहिजेत आणि शासनाची भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. गरिबाच्या दुःखाकडे पाठ फिरवून वन्यप्राण्यांची बाजू घेता येणार नाही.

परंतु म्हणून अस्वल वैरी ठरते काय? मला तसे वाटत नाही. ते फळे खाते व त्यांच्या बिया विष्ठेवाटे रानभर पेरते. आपण रान तोडतो, पाणवठे आटू देतो; मग ते भुकेने व तहानेने शेताकडे वळले, तर दोष एकट्या त्याचा कसा?

यावर उपाय आहेत. उजाडल्यावाचून रानात जाऊ नये. एकटे न जाता सोबतीने, बोलत जावे, म्हणजे अस्वल आधीच दूर होते. ते गावात शिरले, तर काठ्यादगड घेऊन त्याला घेरू नये. परत जाण्याची वाट मोकळी ठेवावी आणि वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

मुलांनो, ताइतातील केसाने कोणाची भीती गेली नाही. शेजाऱ्याची रीत जाणून घेतली, म्हणजे भीती ओसरते आणि सावधपणा येतो. माणूस व अस्वल या दोघांचेही प्राण त्यानेच वाचतील.