हातांची भाषा कागदावर?

‘खुणांची भाषा लिहायची कशाला? मोबाइलवर व्हिडिओ काढा की!’ मेसमध्ये हा विषय काढला की हेच ऐकायला मिळतं. व्हिडिओ हवाच, पण व्हिडिओ म्हणजे लिखाण नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक गैरसमज. सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे करून बोललेली मराठी नव्हे. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. ‘तू कुठे राहतोस?’ यातलं ‘कुठे’ तिथे सहसा शेवटी येतं आणि भुवया, चेहरा हेही वाक्याचा भाग असतात. त्यामुळे ही भाषा बोलणारा कर्णबधिर मुलगा पेपर मराठीत लिहितो, तेव्हा परक्या भाषेत लिहीत असतो. फर्स्ट इयरला इंग्रजी पुस्तकं उघडून आपण कसे गार पडतो, आठवा! त्याने तर ती परकी भाषा कधी ऐकलेलीही नसते.

लिहिण्याचे प्रयत्न जुने आहेत. अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवलं की प्रत्येक खूण हाताचा आकार, जागा आणि हालचाल यांत सुटी करता येते. त्यासाठी त्यांनी चिन्हं केली, पण ती अभ्यासकांपुरती राहिली. १९७४ मध्ये व्हॅलेरी सटन यांची साइनरायटिंग लिपी आली. त्याआधी या बाई नृत्य लिहून ठेवण्याची पद्धत बसवत होत्या! या लिपीत तळवा पांढरा, हाताची मागची बाजू काळी, चेहरा म्हणजे वर्तुळ, हालचालीला बाण, आणि लिखाण वरून खाली.

२०१५ साली युनिकोडमध्ये तिची ६७२ चिन्हं आली. मग अडलं कुठे? आपल्याच प्रांतात! बोललेले शब्द एकामागून एक येतात, खुणेत मात्र दोन्ही हात आणि चेहरा एकदम बोलतात. कोणतं चिन्ह डोक्यापासून किती दूर बसवायचं, हे नुसत्या युनिकोडच्या ओळीत सांगता येत नाही. (‘कि’ची वेलांटी नंतर टाइप होते आणि आधी दिसते, एवढ्यासाठीही देवनागरीने संगणकाला बराच घाम फोडलाय.)

आता व्हिडिओ. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा व्हिडिओ शब्दकोश २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा झाला. मोठंच काम आहे. पण खूण पाहिली आणि अर्थ हवाय, तर त्यात शोधणार कसं? स्टोकी यांचा १९६५ चा कोश खुणेच्या घटकांनुसार लावलेला होता, तिथे ते जमतं. शिवाय व्हिडिओत चेहरा दिसतो. निनावी तक्रार, खोडून पुन्हा लिहिलेली कविता, समासातली टीप हे सगळं कागदावरच सुचतं.

अनेक कर्णबधिरांना अशी लिपी नकोच वाटते. आधीच दोन-तीन लिप्या शिकायच्या, त्यात आणखी एक कशाला? शिवाय गावोगावच्या खुणांतली कोणती ‘शुद्ध’ ठरवायची? प्रमाण मराठीने आपल्या बोलींचं काय केलं ते पाहिलं तर ही भीती मला खोटी वाटत नाही. लिपी घ्यायची की नाही, हे त्यांनीच ठरवावं. पण ठरवण्याआधी वापरून पाहायला बरं साधन तरी हवं ना! दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंटचा तोच प्रोजेक्ट फिरवण्यापेक्षा एखाद्या ग्रुपने साइनरायटिंगचा साधा एडिटर करायला घ्यावा, आणि पहिल्या दिवसापासून कर्णबधिर मुलांना सोबत बसवावं. नंतर ‘टेस्टिंग’ला बोलावून चालणार नाही.