‘सुधारित आवृत्ती’ म्हणजे नेमके काय सुधारले?

संगणकावरचा माहितीसाठा हल्ली आपल्याच कार्यालयात असतो असे नाही. तो शेकडो मैल दूर, एखाद्या मोठ्या कंपनीच्या यंत्रशाळेत असतो आणि आपण तो भाड्याने वापरतो. याला ‘क्लाउड’ म्हणतात. ढगाशी संबंध नावापुरताच. इतक्या दूरच्या साठ्याशी बोलताना वाटेत कोणी ऐकू नये आणि भलत्याने आत शिरू नये, अशी तजवीज करावी लागते. गूगलच्या ‘क्लाउड एसक्यूएल’ या सेवेत हे काम ‘ऑथ प्रॉक्सी’ नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो.

प्रॉक्सी म्हणजे मुखत्यार. तो बहुधा आपल्याच संगणकावर बसतो. आपला मुख्य प्रोग्रॅम त्याच्याशी असा बोलतो, की जणू माहितीसाठा शेजारच्या खोलीत आहे. मुखत्यार मात्र आपली ओळख पटवून एक प्रमाणपत्र मिळवतो आणि सारे बोलणे सांकेतिक रूपात पुढे धाडतो. गंमत अशी, की या प्रमाणपत्राची मुदत सुमारे एकच तास असते! ती संपण्यापूर्वी तो नवे आणतो. प्रमाणपत्र चोराच्या हाती लागलेच, तरी त्याला ते किती वेळ पुरणार?

२०२३ साली या प्रॉक्सीची दुसरी मुख्य आवृत्ती आली. जोडण्या किती केल्या, किती फसल्या, किती वेळ लागला, याच्या नोंदी बाहेर देण्याची सोय तिच्यात आहे. जाहिरातीत अशाच गोष्टी ठळक छापतात. परंतु वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच होती : आज्ञा लिहिण्याची पद्धत बदलली. माहितीसाठ्यातले एक अक्षर हललेले नाही, मुख्य प्रोग्रॅमही तोच. तरी जुन्या पद्धतीने लिहिलेली आज्ञा नव्या मुखत्याराला चालत नाही.

यावर चिडणारे पुष्कळ असतील. मला मात्र हा व्यवहार सचोटीचा वाटतो, कारण तो उघड केला गेला. आवृत्तीला तीन अंक देण्याचा एक संकेत आहे. तिसरा अंक वाढला तर केवळ दोष दुरुस्त झाला, दुसरा वाढला तर नवी सोय आली पण जुने चालू राहिले, आणि पहिला वाढला तर सावध व्हा, जुने काहीतरी मोडणार आहे. (तिसरा अंक क्षुल्लक समजू नये, सुरक्षेतले भोक बुजवले जाते ते पुष्कळदा त्याच्याच मागे.) येथे पहिला अंक बदललाच, शिवाय प्रोग्रॅमच्या नावातील अधोरेषा जाऊन संयोगचिन्ह आले. त्यामुळे जुना आणि नवा एकाच संगणकावर सुखाने राहू शकतात.

आपल्या देशात असे एकदा फार मोठ्या प्रमाणावर झाले आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे पैसे ६४ होत, नंतर १०० झाले. घोटाळा होऊ नये म्हणून नाण्याला ‘नया पैसा’ म्हटले, काही काळ आणे आणि नये पैसे बरोबरीने चालू दिले, आणि लोकांच्या अंगवळणी पडल्यावर १९६४ मध्ये ‘नया’ हा शब्द काढून टाकला.

आता आपल्या प्रयोगपुस्तिका घ्या. मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’ असते, आणि बहुधा तेवढेच. एखाद्या सूत्रातली चिन्हे बदललेली असतात, कोठे अर्ग जाऊन ज्यूल आलेला असतो, एखादा प्रयोग गळालेला असतो. जुनी पुस्तिका वापरणारा विद्यार्थी आणि नवी वापरणारा शिक्षक यांची उत्तरे जुळत नाहीत, आणि गुण जातात ते विद्यार्थ्याचे. भौतिकी शिकवताना हा त्रास मी दर वर्षी पाहतो. एका प्रोग्रॅमच्या बदलांची यादी प्रसिद्ध होते, तर पुस्तिकेच्या पहिल्या पानावर अर्धे पान त्यासाठी का मिळू नये? त्यात नव्या प्रयोगांच्या आधी काय काढले, काय बदलले आणि जुनी पुस्तिका कोणत्या परीक्षेपर्यंत चालेल, एवढे छापावे.