अठरानंतर कुणी विचारत नाही

उन्हाळ कांद्याच्या हंगामात नाशिक जिल्ह्यात बागलाण तालुक्यातल्या नामपूरच्या बाजार समितीच्या आवारात सकाळपासून ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात. लिलावाची बोली, इंजिनांची धडधड, हमालांची हाकाहाक. बागलाणातल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही. पण याच गर्दीत कुणाला त्या आवाजाने अर्ध्या तासात डोके धरून बसावेसे वाटते. कुणाला दहा वर्षांपूर्वीचे भाव तारखेसह आठवतात, पण समोरच्याशी चार शब्द सहज बोलणे जमत नाही. कुणी हिशोबपट्टी खिशात ठेवतो आणि घरी पोचेपर्यंत हरवतो, तेही दर हंगामात. गाव या माणसांना घुम्या, वेंधळा, तिरसट ठरवून कधीच मोकळे झालेले असते. अलीकडे मात्र मोबाइलमधून त्यांच्यापुढे एक वेगळाच प्रश्न येऊन उभा राहतो : आपण न्यूरोडायव्हर्जंट तर नाही?

ज्यांच्या मेंदूची घडण बहुतेकांसारखी असते ते न्यूरोटिपिकल. ज्यांची जन्मापासूनच वेगळी असते, म्हणजे ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण, अतिचंचलता) किंवा डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेले, ते न्यूरोडायव्हर्जंट. वेगळी घडण म्हणजे शोकाची गोष्ट नव्हे, हा विचार पुढे आणण्यात ऑटिझम असलेल्या प्रौढांचा स्वतःचा मोठा वाटा आहे. 1993 मध्ये टोरांटोच्या परिषदेत स्वतः ऑटिस्टिक असलेल्या जिम सिंक्लेअर यांनी पालकांना सांगितले, की आमच्यासाठी शोक करू नका. 1998 मध्ये ऑस्ट्रेलियातील समाजशास्त्रज्ञ जुडी सिंगर यांनी आपल्या प्रबंधात न्यूरोडायव्हर्सिटीची कल्पना मांडली. डॉक्टर कागदावर न्यूरोडायव्हर्जंट असे निदान लिहीत नाहीत. ते ऑटिझम, एडीएचडी किंवा अध्ययन अक्षमता असे नेमके काय ते लिहितात.

चाळिशीत असा प्रश्न पडलेल्या माणसाला घरचे बहुधा म्हणतात, आता या वयात कसली थेरं? हे म्हणणे अन्यायाचे आहे. ज्यांच्या शाळकरी वयात हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती, ती हीच पिढी. 1995 च्या अपंगत्व कायद्यात सात प्रकार होते. ऑटिझम त्यांत नव्हता आणि अध्ययन अक्षमताही नव्हती. महाराष्ट्राने 1996 मध्ये अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना शालान्त परीक्षेत सवलती दिल्या, ही देशात आघाडीची गोष्ट होती. पण तपासणीची सोय तेव्हा मुंबईत, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोजक्या ठिकाणी होती. त्या काळात नामपूर भागातल्या शाळेत अक्षरे उलटसुलट लिहिणाऱ्या मुलाच्या वाट्याला छडी आली, किंवा शाळा सोडून मळ्यात जाणे आले. अशाच मुलावरचा ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट 2007 च्या डिसेंबरात आला. तो पाहताना ज्यांचे डोळे भरून आले त्यांत असे कित्येक मोठे झालेले विद्यार्थी असतील. 2011 च्या जनगणनेतही ऑटिझमसाठी स्वतंत्र रकाना नव्हता.

मुलींचे तर बोलायलाच नको. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ऑटिझमवरचा पहिला गाजलेला निबंध लिहिला, त्यातल्या अकरा मुलांपैकी आठ मुलगे होते. त्याच्या पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनी तपशीलवार वर्णन केलेली चारही मुले मुलगेच. ऑटिझम म्हणजे मुलग्यांचीच गोष्ट, हे चित्र डॉक्टरांच्या मनात तिथून पक्के झाले. गप्प बसणारी, दुसऱ्या बायकांचे पाहून हसण्या-बोलण्याची नक्कल शिकलेली आणि लग्नाच्या मांडवातून घरी आल्यावर दोन दिवस थकून पडणारी सून त्या चित्रात बसत नव्हती. ती शहाणी ठरली, नाहीतर शिष्ट.

मग हे सगळे नेमके चाळिशीत वर का येते? अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2013 च्या डीएसएम-5 नियमावलीत याचे उत्तर आहे. ऑटिझमची लक्षणे लहानपणापासून असतात, पण जगण्याच्या मागण्या माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती झाकलेली राहू शकतात. आपल्याकडे ती झाकून ठेवण्याचे काम एकत्र कुटुंब करत आले आहे. थोरला भाऊ हिशोब बघतो, वडील व्यापाऱ्याशी बोलतात, आई वेळच्या वेळी आठवण करते, आणि धाकटा आपल्या तंद्रीत डाळिंबाच्या झाडांची निगा घरातल्या सगळ्यांपेक्षा चांगली ठेवतो. सारे सुरळीत चाललेले असते. वडील जातात, वाटण्या होतात. सोसायटीचे कर्ज, पीक विम्याची मुदत, फवारणीचे वेळापत्रक, मुलांची फी हे सगळे त्या एकट्यावर येते, आणि दोन वर्षांत घडी विस्कटते. गाव म्हणते, वाटणीनंतर पोरगा बिघडला. खरे तर त्याच्यात काहीच बदललेले नसते. त्याला सावरून धरणारे हात तेवढे गेलेले असतात.

दुसरी वाट मुलांमधून येते. शाळेत मुलाची तपासणी होते, डॉक्टर प्रश्न विचारतात, आणि बाप मनात म्हणतो, हे तर सगळे माझेच आहे. त्याचा अंदाज बरेचदा खरा असतो, कारण ऑटिझम आणि एडीएचडी दोन्ही घराण्यात उतरतात. जुळ्यांवरच्या अभ्यासांनी त्यांतला आनुवंशिक वाटा साधारण 70 ते 80 टक्क्यांच्या घरात दाखवला आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून अंगणवाड्या आणि शाळांपर्यंत जातो, पण तो जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच आहे. अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी केंद्राने 2018 मध्ये काढलेल्या सूचनांतही 8, 14 आणि 18 ही वये धरलेली होती. मुलासाठी तपासणी पथकाची गाडी गावात येते; त्याच्या शेजारी बसलेल्या बापाला विचारायला कुणी येत नाही.

जगभरात साधारण 127 माणसांमागे एकजण ऑटिस्टिक असतो, असा 2021 च्या जागतिक आकडेवारीचा अंदाज आहे. हेच प्रमाण दहा हजार वस्तीच्या गावाला लावले तर अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी माणसे होतात. प्रौढांमधला एडीएचडी त्याहून बराच अधिक, अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास धरला जातो. तेव्हा हा चार शहरी लोकांचा शौक आहे, हे म्हणणे टिकत नाही.

अशा माणसांचे गावात काय होऊ शकते, याचे एक उदाहरण अमेरिकेत मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या छोट्या गावात घडले. कॅनर यांच्या निबंधातला पहिला मुलगा इथला, डोनाल्ड ट्रिपलेट, जन्म 1933 चा. तीन वर्षांचा असताना त्याला संस्थेत ठेवले होते. आईवडिलांनी वर्षभराने परत आणले. पुढे 1942 मध्ये तो जवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहायला गेला. त्याला सतत मोजमाप करायचा नाद होता, म्हणून त्यांनी त्याला विहीर खणायला लावली आणि तिची खोली सांगायला सांगितली. तो मक्याच्या ओळी पुन्हा पुन्हा मोजत बसे, तर नांगरता नांगरता मोज म्हणाले. कॅनर तिथे भेटीला गेले तेव्हा त्या जोडप्याची समज पाहून त्यांना कौतुक वाटले. डोनाल्ड पुढे पदवीधर झाला, गावच्या बँकेत त्याने अनेक दशके नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, एकटा देशोदेशी हिंडला आणि जून 2023 मध्ये 89 व्या वर्षी वारला. त्या बँकेत त्याच्या आईच्या घराण्याची मालकी होती, हे विसरून चालणार नाही; पैसा आणि प्रतिष्ठा पाठीशी होती. पण ते शेतकरी जोडपे कुणी तज्ज्ञ नव्हते. पोराचा नाद मोडण्याऐवजी त्यांनी त्याला काम दिले. बागलाणात हे अशक्य नाही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाचा पहिला डाग कोणत्या फांदीवर पडला हे ज्याला दिसते, चाळीतला कांदा कुठे सडू लागला हे ज्याला वासावरून कळते, त्याला लिलावात घसा फोडायला कशाला पाठवायचे?

उत्तर कसे शोधायचे, हा अवघड भाग. रील पाहून स्वतःचे निदान करणाऱ्यांची संख्या वाढते आहे आणि त्यात धोका आहे. कॅनडातल्या संशोधकांनी 2022 मध्ये टिकटॉकवरच्या एडीएचडीविषयीच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या शंभर व्हिडिओंची छाननी केली. त्यातले 52 दिशाभूल करणारे निघाले. टिकटॉक आपल्याकडे 2020 पासून बंद आहे, पण त्याच धाटणीच्या चित्रफिती दुसऱ्या अ‍ॅपवर मराठीतही फिरतात. प्रश्नावल्यांचेही तसेच. 2001 मध्ये केंब्रिजमध्ये तयार झालेल्या, ऑटिझमच्या पन्नास प्रश्नांच्या प्रसिद्ध चाचणीत विचारले आहे, की तुम्हाला पार्टीपेक्षा ग्रंथालय आवडते का, संग्रहालयापेक्षा नाट्यगृह बरे वाटते का. नामपूरच्या शेतकऱ्याने यावर काय खूण करायची? त्याला विचारायला हवे, की सटाण्याला देवमामलेदारांच्या यात्रेत तू किती वेळ थांबू शकतोस, वरातीत डीजे सुरू झाला की कुठे जाऊन उभा राहतोस, पाहुणे न सांगता आले तर तुझा दिवस कसा जातो. हे प्रश्न आपल्याच मानसशास्त्रज्ञांनी लिहायचे आहेत, अहिराणीतसुद्धा.

शिवाय सगळी विसराळू माणसे एडीएचडीची नसतात. थायरॉइड बिघडले, अंगात रक्त कमी असले, नैराश्य असले, दारू लागली, तरी लक्ष उडते. आणि झोप. शेतीपंपांना वर्षानुवर्षे आळीपाळीने रात्रीची वीज मिळत आली. बिबट्याच्या भीतीत, बॅटरीच्या उजेडात पाणी भरून पहाटे घरी येणाऱ्या माणसाला दुपारी काही आठवत नसेल तर आधी त्याच्या झोपेचे बघायला हवे. चांगला डॉक्टर म्हणूनच रक्त तपासतो, झोप विचारतो, आणि मग लहानपणाकडे वळतो. डीएसएम-5 नुसार एडीएचडीची लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात, आणि ती घर, काम अशा एकाहून अधिक ठिकाणी जाणवावी लागतात.

इथे गावाची एक जमेची बाजू आहे. मुंबई-पुण्यातल्या भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुणाला आपले लहानपण सांगणारा माणूस शोधावा लागतो. नामपुरात आई, आत्या, शेजारची काकू, कधी कधी पहिलीचे गुरुजीसुद्धा हाकेच्या अंतरावर असतात. पोर बोलायला कधी लागले, अंगात नवे कापड घालताना रडायचे का, वर्गात खिडकीतून किती पळायचे, हे त्यांना अजून आठवते. निदानासाठी ही साक्ष फार मोलाची असते.

डॉक्टर मात्र हाकेच्या अंतरावर नाही. देशात एक लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. मांडला जाणारा आकडा 0.75 आहे, आणि तेही बहुतेक शहरांत. नामपूरहून मालेगाव तीसेक किलोमीटर, नाशिक शंभरेक. एका तपासणीसाठी तीन-चार खेपा, म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी आणि घरच्यांना द्यायचे उत्तर.

कायदाही अर्धवट आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने यादी 21 प्रकारांवर नेली, ऑटिझम आणि अध्ययन अक्षमता आत आणल्या. एडीएचडी बाहेरच राहिला. ज्या त्रासाने नोकरी जाते आणि कर्ज थकते, त्याला यादीत नाव नाही. ही चूक दुरुस्त व्हायला हवी. विकास कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये अपंगत्वाची 40 टक्क्यांची अट पूर्ण होत नसली तरीही परीक्षेत लेखनिक देता येतो असे सांगितले. तोच विचार कामाच्या जागीही लागू करता येईल.

प्रमाणपत्र प्रत्येकालाच हवे असते असेही नाही. मल्याळी अभिनेते फहाद फासिल यांनी 2024 मध्ये केरळातल्या कोतमंगलमच्या एका कार्यक्रमात आपल्याला वयाच्या 41 व्या वर्षी एडीएचडीचे निदान झाल्याचे सांगितले. तोवर त्यांचे नाव झालेले होते. निदानाने त्यांना काही सवलत मिळाली नाही. मग मिळते काय? स्वतःला आळशी किंवा खुळे समजत घालवलेल्या वर्षांचा हिशोब नव्याने मांडता येतो. बायकोला सांगता येते, की तुझे बोलणे मी टाळत नाही, ते माझ्या हातून निसटते. एडीएचडीवर मानसोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली औषधही घेता येते. आणि तपासणीअंती न्यूरोटिपिकल आहात असे कळले, तर खरे कारण शोधायची दिशा मिळते.

म्हणून राज्याच्या आरोग्य विभागाकडे मागणी साधी आहे. मालेगावच्या सामान्य रुग्णालयात महिन्यातला एक दिवस प्रौढांच्या तपासणीसाठी ठरवावा, आणि मुलाच्या तपासणीत आईवडिलांना त्यांच्याविषयीही चार प्रश्न विचारण्याची सूचना पथकांना द्यावी. तोपर्यंत ज्यांना हा प्रश्न छळतो आहे त्यांनी 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करावा. ही शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि मराठीत बोलता येते. डॉक्टरकडे जाताना शाळेची जुनी प्रगतिपुस्तके न्यावीत, थायरॉइड आणि हिमोग्लोबिनचे अहवाल न्यावेत, आणि जमल्यास आईला सोबत न्यावे.