आगुंब्याचा घाट आणि चार हात जमीन

गेल्या अंकात शिखरजीच्या पायी वंदनेविषयी लिहिले होते. त्यावर एका तरुण वाचकाचे पत्र आले. पायी नव्हे, सायकलने करता येईल अशी एखादी डोंगरी यात्रा सुचवावी, अशी त्याची विनंती आहे. उत्तर माझ्याजवळ तयार आहे. कर्नाटकाच्या किनारपट्टीवरील मूडबिद्रीपासून घाटमाथ्यावरील कुंदाद्रीपर्यंतचा मार्ग मी दोन वेळा सायकलने केला; एकदा चुकीच्या ऋतूत व चुकीच्या दिशेने, आणि एकदा योग्य रीतीने. पहिली वेळ लपवून दुसरीच सांगणे मला प्रशस्त वाटत नाही.

आधी मार्ग सांगतो. प्रारंभ मूडबिद्रीहून करावा. तेथील सावीर कंबद बसदी, म्हणजे हजार खांबांचे मंदिर, इ. स. १४३० मधले. धवला ग्रंथाच्या ताडपत्रीय प्रती याच गावी शतकानुशतके जपल्या गेल्या. त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून सोलापूरच्या हिराचंद नेमचंद यांच्यासारख्या व्यापाऱ्यांनी खटपट केली, आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केलेला पहिला खंड १९३९ साली आपल्या अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सायकलीला हवा भरण्यापूर्वी एवढे स्मरण असावे.

मूडबिद्रीहून कारकळ १८ किलोमीटर. रस्ता चढउताराचा, पण दमवणारा नाही. कारकळच्या टेकडीवर १४३२ सालची ४२ फुटी बाहुबलींची मूर्ती आहे, आणि समोर १५८६ सालची चतुर्मुख बसदी. तेथून हेब्रीच्या वाटेवर वरंग लागते. तेथील बसदी तळ्याच्या मध्यभागी असून दर्शनाला नावेतून जावे लागते. घाई करू नये, कारण पाय येथेच विसावतात. हेब्रीनंतर सोमेश्वर, आणि सोमेश्वरपासून आगुंब्याचा घाट.

घाट दहा-बारा किलोमीटरांचा, १४ वळणांचा. सखल किनारपट्टी सोडून माणूस सुमारे ६५० मीटर उंचीवर पोहोचतो. सरासरी चढ शंभर मीटरला पाच-सहा मीटर असला, तरी वळणांच्या कोपऱ्यात तो एकदम उभा राहतो. तेथे आतली बाजू सोडून बाहेरच्या बाजूने वळावे. सायकलीच्या पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या चक्राला ३२ दाते असतील, तर सामान्य प्रकृतीचा मनुष्य न उतरता चढू शकतो. अवजड वाहनांना या घाटात बंदी आहे, हा सायकलस्वाराचा मोठा लाभ. दोन्ही बाजूंना सदाहरित अरण्य आहे. आगुंब्यात वर्षाला ७,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि माझी पहिली चूक या पावसातच घडली.

त्या वर्षी मी भाद्रपदात गेलो होतो. तीर्थहळ्ळीहून निघालो आणि घाट उतरलो. पावसाची रिपरिप, ओला रस्ता, खाली धावणारी सायकल. खोटे कशाला बोलू, मला फार आनंद झाला. सोमेश्वरला पोहोचल्यावर एका नळाखाली चाके धुऊ लागलो, तेव्हा टायरच्या खाचांत काय अडकले आहे ते दिसले. पावसाळ्यात त्या रस्त्यावर गोगलगायी, पैसे, बेडूक, लहान खेकडे सतत येत असतात. वरून येताना मला त्यांतला एकही दिसला नव्हता.

घरी आल्यावर अण्णांना सांगितले. अण्णा, म्हणजे माझे वडील, व्रती श्रावक. ते रागावले नाहीत. एवढेच विचारले, “कशासाठी गेला होतास?”

“सहज,” मी म्हणालो.

मग त्यांनी अनर्थदंडव्रताचा विषय काढला. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्राचार्यांनी निष्प्रयोजन भटकण्याची गणना प्रमादचर्येत केली आहे. दुकानाच्या खरेदीसाठी आपण हिंडतो, तेव्हा हिंसा होतेच. पण तिला प्रयोजन असते आणि दिग्व्रताने मर्यादाही घालता येते. तुझ्या हिंडण्याला दोन्ही नव्हते, असे त्यांचे म्हणणे. मी वाद घातला. मोटारीखाली याहून अधिक जीव जातात, आणि मोटारीने जाणाऱ्यांना कोणी विचारत नाही. शिवाय वाटेत कारकळचे दर्शन झालेच की. अण्णा म्हणाले, “मोटारीची बाजू मी घेतलेली नाही. पण दर्शन वाटेत आले, की वाट दर्शनासाठी धरली होती?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे मी एक हिशेब मात्र मांडला, कारण हिशेब हा आपला पिंडच आहे. ईर्यासमितीत मुनी पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकतात. चार हात म्हणजे सुमारे सहा फूट. चालणाऱ्याला ती जमीन ओलांडायला सव्वा-दीड सेकंद लागतो. घाट चढणारी सायकल ताशी ८ किलोमीटर वेगाने जाते. तिला पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. दहा-पंधरा हात पुढे नजर ठेवली तर गोगलगाय दिसते आणि वळसाही घालता येतो. उतारावर ताशी ४० किलोमीटर वेग सहज येतो. तेव्हा चार हात जमीन सेकंदाच्या सहाव्या हिश्श्यात मागे पडते. तेथे पाहणे हा शब्दच लागू होत नाही. गृहस्थाला मुनींची समिती बंधनकारक नाही हे खरे. पण चढ आणि उतार या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, एवढे मला या आकड्यांनी पटवले.

दुसऱ्या वेळी म्हणून चातुर्मास संपू दिला. वह्यापूजन झाले, कार्तिकी पौर्णिमा झाली, दुकानातील गर्दी ओसरली, आणि पुतण्याला बरोबर घेऊन मूडबिद्रीहून निघालो. या दिवसांत रस्ता कोरडा असतो आणि अरण्य अजून हिरवे. सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. त्यापूर्वी जेवायचे तर उजाडताच निघणे भाग पडते, आणि दुपारच्या उन्हाआधी बराच पल्ला संपतो. रात्रिभोजनत्याग सायकलस्वाराला अडचणीचा वाटतो, प्रत्यक्षात तो वेळापत्रक लावून देतो. खाण्यासाठी दशम्या, खजूर, फुटाणे आणि शेंगदाण्याची चिक्की नेली. खेळाडूंसाठी मिळणाऱ्या चघळण्याच्या गोळ्यांत पुष्कळदा जिलेटीन असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. वेष्टन वाचल्याखेरीज घेऊ नयेत. गाळलेले पाणी सकाळीच भरून घ्यावे. इडली सर्वत्र मिळते. सांबारात कांदा आहे का, ते विचारावे.

पहिल्या दिवशी आगुंबे गाठले. दुसऱ्या दिवशी तीर्थहळ्ळीच्या रस्त्याने गुड्डेकेरीवरून कुंदाद्रीकडे वळलो. आगुंब्याहून हे अंतर सुमारे २० किलोमीटर. ८२६ मीटर उंचीच्या या टेकडीला आचार्य कुंदकुंदांचे नाव आहे; त्यांनी येथे तप केले अशी परंपरा. माथ्यावर पार्श्वनाथांचे मंदिर आणि खडकातली जलकुंडे आहेत. वर जाणारा डांबरी रस्ता अरुंद आणि आगुंबे घाटाहून पुष्कळ उभा. मी दोन ठिकाणी उतरून सायकल ढकलली. पुतण्या ढकलणार नाही म्हणाला आणि ढकलली नाही. तारुण्याचे तेवढे चालायचेच.

दर्शन झाल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. पुतण्या आठ महिने या उताराची वाट पाहत होता. मी म्हटले, खाली चालत जायचे. तो म्हणाला, “काका, रस्ता कोरडा आहे, एक किडा दिसत नाही.” वादात तथ्य होते. मी भाद्रपदातले चाक त्याला सांगितले. तोवर घरात ते अण्णांनाच ठाऊक होते. तो काही बोलला नाही. सायकल हातात धरून माझ्यापुढे चालू लागला, आणि पहिल्या वळणावर थांबून मुंग्यांची एक रांग ओलांडण्यासाठी त्याने सायकल उचलून घेतली.

तीर्थहळ्ळीला पोहोचून जेवलो तेव्हा पाच वाजून चाळीस मिनिटे झाली होती. तेथून हुमचा पद्मावतीचे स्थान ३० किलोमीटरांच्या आत-बाहेर आहे. ते तिसऱ्या दिवसासाठी ठेवले. रात्री अण्णांना फोन केला. कुंदाद्रीचे दर्शन कसे झाले, हे त्यांनी नंतर विचारले. आधी विचारले, उतरलात कसे?